सकाळी सातची हजेरी

आमच्या साताऱ्यात रोज सकाळी सात वाजता हजेरी होते. शाळेची नव्हे, आमच्या हॅम रेडिओ क्लबची. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका घरातल्या रेडिओसमोर वही उघडून बसतात, आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, सांगतात आणि एकेकाला हाक मारतात. ज्याला हाक मारली तो आपलं कॉलसाइन सांगतो, समोरच्याचा आवाज कसा येतोय ते सांगतो, एखादं वाक्य बोलतो आणि थांबतो. यवतेश्वरावर धुकं आहे. कोरेगावात रात्री पाऊस झाला. काल बॅटरी बदलली, आता बरं चाललंय. वीस-पंचवीस मिनिटांत हजेरी संपते. काका सगळ्यांना 'सेव्हन थ्री' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा, आणि वही मिटतात.

बाहेरून ऐकणाऱ्याला हा रिकामपणचा उद्योग वाटतो. मलाही वाटला होता. पाऊस पडला हे सांगायला परीक्षा द्यायची, सरकारी परवाना काढायचा, गच्चीवर तार ताणायची, एवढा खटाटोप कशाला? बारा वर्षं या हजेरीत बसल्यावर आज मी हे आवाहन लिहिते आहे ते नेमकं तिच्यासाठीच. तुम्ही हॅम रेडिओचं नाव ऐकलं असेल तर एखाद्या भूकंपाच्या नाहीतर महापुराच्या बातमीत ऐकलं असेल. त्या बातमीतली माणसं कुठून आकाशातून उतरत नाहीत. रोज सकाळी पावसापाण्याचं बोलणारी हीच ती माणसं असतात. तालमीत रोज माती अंगाला लावणाराच जत्रेच्या फडात उतरतो. आपल्याकडे फडाचं कौतुक होतं, पण तालमीत यायला माणसं मिळत नाहीत.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. सरकारनं काही फ्रिक्वेन्सी हौशी लोकांसाठी राखून ठेवल्या आहेत. परीक्षा देऊन परवाना मिळवलेला माणूस त्यांवर जगातल्या कुठल्याही परवानाधारकाशी बोलू शकतो. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, महिन्याचं बिल नाही. तुमचा सेट, तुमची तार, वर आकाश आणि पलीकडे दुसरा माणूस. हे बोलणं पैसे कमावण्यासाठी नसतं. धंद्याचे निरोप द्यायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत गुपितं सांगायची नाहीत, असे नियम आहेत आणि ते चांगले आहेत. १८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये या हौशी लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, म्हणून १८ एप्रिल हा जगभर हौशी रेडिओ दिवस म्हणून पाळतात. म्हणजे छंद शंभरी ओलांडून गेला आहे.

आमच्या जिल्ह्याला याची गरज का आहे, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून घराघरांत आहेत. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्याच दिवसांत घाटापलीकडे चिपळूण पाण्याखाली होतं. अशा वेळी पहिल्यांदा वीज जाते. मग मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते, जनरेटरचं डिझेल संपतं, रस्ता खचलेला असल्यानं ते पोचवता येत नाही, आणि टॉवर उभाच असतो पण मुका होतो. आत किती माणसं आहेत, जखमी किती, कुठल्या वाटेनं जाता येईल, हे ज्याला माहीत आहे तो सांगू शकत नाही, आणि ज्याच्याकडे मदत आहे त्याला कळत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी लातूरकडे धावली होती. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, तेव्हाही धावली. हॅम रेडिओची ओळख करून देताना लोक राजीव गांधी आणि अमिताभ बच्चन यांची नावं घेतात, दोघांकडेही परवाने होते म्हणून. मला शाळेतल्या मुलींना सांगायला आवडतं ते भारती प्रसाद यांचं नाव. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची तुकडी घेऊन त्या अंदमानला गेल्या होत्या. काम हौसेचं होतं. अंदमानातून कित्येक वर्षांत कुणी हॅम बोललं नव्हतं, त्यामुळे जगभरचे हौशी लोक तिथला आवाज ऐकायला टपून बसलेले. २६ डिसेंबरला पहाट उलटते न उलटते तोच जमीन हलली आणि मागून त्सुनामी आली. बेटांचा बाकीच्या जगाशी संपर्क तुटला. भारतीताईंनी हौसेचं बोलणं थांबवलं आणि त्याच सेटवरून, त्याच तारेवरून 'अमुक माणूस सुखरूप आहे' असे निरोप मुख्य भूमीकडे द्यायला सुरुवात केली. तार आधीच ताणलेली होती, सेट आधीच जुळवलेला होता, हात आधीच बसलेला होता. त्या संकटासाठी म्हणून गेल्या नव्हत्या, म्हणूनच त्या वेळेवर हजर होत्या.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. हजेरीचं मोल मला तिनं शिकवलं.

दरवर्षी मृगाच्या आधी आमचा क्लब आपत्तीची रंगीत तालीम घेतो. एक तुकडी शाळेच्या प्रयोगशाळेत, एक यवतेश्वराच्या चढावर, एक पाटणच्या बाजूला डोंगराच्या कुशीत. आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक बंद पाकिटांतून निरोप देतात आणि ते एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचवायचे असतात. मी मधल्या ठाण्यावर होते. पाटणच्या बाजूनं निरोप आला, खरखर खूप होती. मी लिहिलं: साठ जखमी, स्ट्रेचर पाठवा. नियमाप्रमाणे मी तो परत वाचून दाखवला. पलीकडून उत्तर आलं, 'बरोबर.' मी पुढे पाठवून दिला.

पाकिटातला निरोप होता: सात जखमी.

त्यानं सात म्हटलं, मी साठ ऐकलं. मी साठ म्हटलं, त्यानं सात ऐकलं. दोघांनीही नियम पाळला आणि तरी चूक पुढे सरकली, कारण खरखरीत 'त' आणि 'ठ' यांतला फरक विरून जातो. सरांनी तालीम थांबवली, दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काहीच बोलले नाहीत. खरोखरीच्या दिवशी माझ्या त्या एका अक्षरापायी सगळ्या रुग्णवाहिका एका गावाकडे गेल्या असत्या आणि दुसऱ्या गावात कुणी वाट बघत बसलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून आमच्या क्लबमध्ये आकडा कधी जोडून बोलत नाहीत. साठ नाही, 'सहा, शून्य'. सात असेल तर 'आकडा एकच, सात; सहानंतरचा सात'. एकोणसाठ, एकोणसत्तर हे शब्द तर हवेत सोडायचेच नाहीत. नाव सांगताना अक्षर फोडून सांगायचं: गणपतीचा ग, कमळाचा क, भटजीचा भ. गावाचं नाव आलं की तालुका विचारायचा, आणि खुर्द की बुद्रुक हे कळल्याशिवाय निरोप पुढे जात नाही. हे नियम वाचून कळतात, पण जिभेवर बसत नाहीत. रोज सकाळी सात वाजता तापमान सांगताना 'दोन, चार अंश' असं म्हणायची सवय लागली तरच संकटाच्या दिवशी तोंडून तसं निघतं. पावसापाण्याच्या त्या गप्पा तेवढ्यासाठी आहेत.

हजेरीनं आणखी एक गोष्ट होते. माणसं एकमेकांचे आवाज ओळखू लागतात. कोण दमलं की वाक्य अर्धवट सोडतो, कोणाचा सेट गरम झाला की आवाज चिरका होतो, कुणाकडे दुपारनंतर वीज नसते. एकदा आमचे वाईकडचे एक काका सलग दोन दिवस उत्तर देईनात. फोनही लागेना. तिसऱ्या दिवशी जवळच राहणारा एक मुलगा मोटरसायकल काढून घरी गेला. काका तापानं फणफणलेले, घरात एकटे, लेक-जावई पुण्याला. डॉक्टरकडे नेलं, आठवड्यात बरे झाले. आता आमचा नियमच आहे: दोन हजेऱ्या चुकल्या की कुणीतरी दारात जाऊन येतं. कुठल्याही यंत्राच्या माहितीपत्रकात ही सोय लिहिलेली नसते.

दर रविवारी सकाळी दहाला आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत जमतो. तुम्हाला पहिल्यांदा यायचं असेल तर याच दिवशी या. एका टेबलावर कुणीतरी सोल्डरिंग करत असतं, दुसऱ्यावर एक जण मुलांना मोर्स शिकवत असतो. मोर्स म्हणजे ठिपके आणि रेघा असं पुस्तकात असतं. आमचे सर ते कधीच कागदावर काढून देत नाहीत. तबल्याचे बोल जसे कानानं आणि तोंडानं शिकायचे, तसा मोर्स शिकायचा, असं ते म्हणतात. 'कुणी आहे का?' असं सगळ्यांना विचारायचं तर सी-क्यू पाठवतात: दा दि दा दि, दा दा दि दा. दहा-बारा वर्षांची मुलं हे तोंडानं म्हणत जिना उतरतात आणि महिनाभरात कान तयार होतो. आवाज पार पोचत नाही इतकी क्षीण लहर असली तरी हा ठेका खरखरीतून उचलता येतो, म्हणून एवढ्या वर्षांनीही तो टिकून आहे.

महिन्यातून एकदा आम्ही कोल्हा शोधायला जातो. एक छोटा ट्रान्समीटर कुठंतरी लपवून ठेवतात, तो थोड्या थोड्या वेळानं आवाज सोडतो, आणि दिशा हुडकत त्याच्यापर्यंत पोचायचं. त्यासाठी लागणारा अँटेना मुलं स्वतः बनवतात. प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप घ्यायचा आणि सुताराकडची स्टीलची मेजपट्टी कापून त्याचे तीन तुकडे आडवे बसवायचे. पट्टी लवचीक असल्यानं झुडपातून जाताना वाकते आणि पुन्हा सरळ होते. गेल्या हिवाळ्यात सातवीतली एक मुलगी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हा अँटेना घेऊन उभी होती. ती सावकाश गोल फिरली. एका बाजूला आवाज वाढला, पण वाढलेला आवाज नेमकी दिशा सांगत नाही, तो बराच रुंद असतो. मग तिनं एक युक्ती केली. सेट छातीशी धरला, अँटेना काढून टाकला आणि पुन्हा स्वतःभोवती फिरली. एका जागी आवाज अगदी पडला. तिचं स्वतःचं अंग लहरीच्या आड आलं होतं. म्हणजे कोल्हा बरोबर तिच्या पाठीमागे. ती वळली आणि सरळ चालू लागली. लहरीला दिशा असते, अडथळा असतो, सावली असते, हे मी वर्गात फळ्यावर कितीदा शिकवलं आहे. तिला ते स्वतःच्या पाठीनं कळलं.

कोलकात्याची हॅम मंडळी हाच छंद गंगासागरच्या मेळ्यात माणसं शोधायला वापरतात. पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचे लोक तिथं हरवलेल्या यात्रेकरूंना, त्यातही वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसांना, त्यांच्या घरापर्यंत पोचवतात. आपल्याकडे यात्रा-जत्रांना काय तोटा आहे? प्रत्येक मोठ्या यात्रेत हरवलेल्या आजीच्या नावाचा पुकारा होत असतो. प्रत्येक जिल्ह्यात पंचवीस-तीस तयार हॅम असले तर हे काम आपल्यालाही जमेल.

डोंगराळ मुलखात रेडिओ कसा चालतो, यातलं एक मर्म सांगते, कारण नव्या माणसाची इथंच फसगत होते. हातात मावणारे सेट २ मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांची लहर सरळ रेषेत जाते. यवतेश्वराच्या माथ्यावरून पाच वॅटवर दूरवर बोलता येतं, आणि खाली दरीत उतरलात तर शेजारच्या गावापर्यंतही जात नाही. मधे डोंगर असतो. अशा वेळी ४० मीटर बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, कामी येतो. त्यासाठी साधारण वीस मीटर तांब्याची तार लागते, मधोमध तोडलेली, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. परदेशात दूरवर बोलायचं तर ती उंच चढवतात. पण जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बोलायचं असेल तर ती मुद्दाम खाली बांधायची, पंधरा-वीस फुटांवर, दोन आंब्यांच्या मधे बांधली तरी चालते. मग लहर सरळ वर जाते आणि आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून कारंज्यासारखी चहूबाजूंना खाली पडते. कारंज्याला भिंत आडवी येत नाही, तसा तिला डोंगर आडवा येत नाही. पाटणची दरी आणि कोरेगावचं माळरान या एका तारेनं जोडली जातात. आमची सकाळची हजेरी याच बँडवर असते.

दूरच्या गोष्टींचाही आनंद आहेच, तो नाही म्हणणार नाही. ५ मे २००५ ला इस्रोनं खास हौशी लोकांसाठी 'हॅमसॅट' नावाचा छोटा उपग्रह सोडला. त्यातला एक संच आपल्या लोकांनी बनवला होता, दुसरा नेदरलँड्समधल्या एका हॅमनं. २०१४ पर्यंत तो चालला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही हॅम रेडिओ आहे. २०२५ च्या जुलैत शुभांशू शुक्ला तिथून विद्यार्थ्यांशी बोलले ते याच मार्गानं. स्थानक आपल्या डोक्यावरून जातं तेव्हा आठ-दहा मिनिटं मिळतात. कधी कधी ते चित्रंही पाठवतं आणि शाळेच्या गच्चीवर मुलांसमोर, दोनएक मिनिटांत, ओळीमागून ओळ असं एकेक चित्र उतरतं. पण त्यासाठी येणारी माणसं चित्र बघून जातात आणि परत येत नाहीत. मला जी माणसं हवी आहेत ती पुढच्या सोमवारी सकाळी सातला असणारी.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी, सेट विकत घेऊ नका. हे मी हात जोडून सांगते. ऑनलाइन दुकानात वॉकीटॉकी स्वस्तात दिसतात, त्यावर परवान्याचं अक्षरही नसतं, आणि मुलाच्या वाढदिवसाला म्हणून लोक घेऊन टाकतात. परवाना लागणारा सेट परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे. अशा विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये कारवाई केली ती उगाच नाही. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर दाबलेलं एक बटण पोलिसांच्या नाहीतर विमानतळाच्या बोलण्यात जाऊन आदळू शकतं. आधी क्लबमध्ये या, क्लबच्या सेटवर ऐका, मग परीक्षा, मग परवाना, आणि सेट शेवटी. तोवर आपल्याला नेमकं काय लागतं हे कळलेलं असतं आणि पैसेही वाचतात.

परीक्षेला घाबरू नका. केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग ती घेतो, अर्ज 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावर करायचा. बारा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही बसू शकतं. परवान्याचे दोन प्रकार आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिल्यानं सुरुवात करा, त्याला मोर्सची अट नाही. प्रश्न दोन तऱ्हांचे असतात. एक, रेडिओ कसा चालतो. दुसरे, नियम काय. दहावीच्या विज्ञानातली वीज आठवत असेल तर पाया तयार आहे, आठवत नसेल तर रविवारी आम्ही शिकवतो. मी परीक्षा दिली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि माझ्या शेजारच्या बाकावर नववीतला मुलगा होता. परवाना हातात यायला वेळ लागतो, कागदपत्रं फिरतात. तेवढ्यात कंटाळून क्लब सोडणारे बरेच आहेत. तो काळ ऐकण्याचा आहे, तो फुकट घालवू नका.

दुसरं, घर. तुम्ही सोसायटीत राहत असाल तर तारेचा प्रश्न येणारच. मला एका जागी तीन वर्षं गच्चीवर तार लावू दिली नाही. कमिटीला वाटलं, यानं टीव्हीत मुंग्या येतील, मुलांच्या तब्येतीवर परिणाम होईल. मी चिडले, भांडले, आणि त्यानं तीन वर्षं वाया गेली. शेवटी मी एका रविवारी कमिटीतल्या दोघांना क्लबमध्ये घेऊन गेले, सेटसमोर बसवलं, कानाला हेडफोन लावला. महिन्याभरात परवानगी मिळाली. तुम्ही हे आधी करा. आणि तार लावाल तेव्हा अर्थिंग नीट करा. वळवाच्या दिवसांत ढग दिसले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवा. विजेच्या बाबतीत हयगय करणाऱ्याला आमचे सर महिनाभर सेटला हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबर करतात.

तिसरं, बॅटरी. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पुरते, पण दर महिन्याच्या एक तारखेला घरातली लाइट बंद करून अर्धा तास सेट केवळ तिच्यावर चालवून बघा. नुसते व्होल्ट बघून फसू नका. दमलेली बॅटरीही नुसती बसलेली असताना बारा व्होल्ट दाखवते आणि बोलायला बटण दाबलं की कोसळते.

बायकांना मला वेगळं सांगायचं आहे. क्लबमध्ये आलात की पहिल्या रविवारी तुम्हाला वाटेल, इथं सगळे पुरुष, सगळे इंजिनिअर. तसं ते बरंच आहे, आणि ते बदलायला तुम्हीच यायला हवं. हजेरी चालवायला इंजिनिअर लागत नाही. धीर लागतो, ऐकून घेण्याची सवय लागते, एकाच वेळी चार जण बोलू लागले की प्रत्येकाला त्याचा क्रम देता यावा लागतो. सकाळचा डबा, गॅसवरचं दूध आणि दाराशी आलेली भाजीवाली एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. निवृत्त माणसांचंही तसंच. तुमच्याकडे वेळ आहे, अक्षर चांगलं आहे आणि गावोगावच्या वाटा तोंडपाठ आहेत. पाटणच्या कुठल्या वाडीला कुठून जाता येतं हे नकाशाला नसेल इतकं तुम्हाला माहीत आहे.

जे आधीपासून क्लबमध्ये आहेत त्यांनाही एक विनंती. मोबाइलवरचा ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाही, पण ग्रुपवर 'गुड मॉर्निंग' टाकणं म्हणजे हजेरी नव्हे. गेल्या काही वर्षांत अनेकांचे सेट कपाटात गेले आणि ग्रुप मात्र भरलेला राहिला. ज्या दिवशी टॉवर मुका होईल त्या दिवशी तो ग्रुपही मुका होणार आहे. सात वाजता पाच मिनिटं सेट लावा. आवाज येत नसेल तर नवा माणूस ऐकतोय असं समजून सावकाश बोला. नव्या परवानाधारकाची पहिली हाक थरथरत येते, शब्द चुकतात, कॉलसाइन सांगायचं राहतं. त्याला हवेत सगळ्यांसमोर सुधारू नका, रविवारी चहा पिताना सांगा. पहिल्या हाकेला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून कायमचा गप्प झालेला एक तरुण मला माहीत आहे. त्या सकाळी मी ऐकत होते आणि दुसरं कुणीतरी देईल म्हणून मीही दिलं नाही.

तुमच्या गावात क्लब नसेल तर आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात विचारा, बहुधा एखादा परवानाधारक सापडतो. तीन-चार जण आणि एक ठरलेली वेळ असली की झालं. खोली, फलक, पदाधिकारी यांच्या मागे लागू नका. वेळ मात्र बदलू नका. दिवाळी असो, निवडणूक असो, परीक्षा असो, सात म्हणजे सात.

आमच्याकडे येणार असाल तर या रविवारी दहाला या. पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी बोलायला लावणार नाही. खिडकीशेजारच्या खुर्चीवर बसा, हेडफोन लावा. सुरुवातीला नुसती खरखर ऐकू येईल, तव्यावर भाकरी भाजताना येतो तसा एक बारीक आवाज. डायल सावकाश फिरवत राहिलात की त्यातून एक माणूस वर येईल, कुठल्या तरी दुसऱ्या गावचा. येताना एक वही आणा. पहिल्या पानावर त्याचं कॉलसाइन, तारीख, वेळ आणि फ्रिक्वेन्सी लिहायची असते.